शिसूची भुरी, द्राक्षाची धास्ती

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा भेटला : बुरशी. पानावर फोड आले, बुरशी. गाडीवर चिकट थेंब पडले, बुरशी. पान लाल झाले, तरी बुरशीच. बहुतेक पत्रांचा शेवटही सारखाच होता : ‘कोणते औषध मारू?’ म्हणून या वेळी सावलीच्या झाडांची पत्रे एकत्र घेतली आहेत. वनस्पती-रोगशास्त्र मी ३१ वर्षे शिकवले. भिंग अजून पर्समध्ये असते. ज्यांनी पाने पाठवली त्यांची पाने त्या भिंगाखाली पाहिली, ज्यांनी फोटो पाठवले त्यांचे फोटो मोठे करून पाहिले, आणि मगच उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची अडीच एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. पश्चिमेच्या बांधावर वडिलांनी २५ वर्षांपूर्वी लावलेली अकरा शिसूची झाडे आहेत. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्या पानांखाली पांढरी भुरी येते. बांधालगतच्या दोन ओळींत द्राक्षावरही भुरी बाकी बागेपेक्षा जास्त असते. धाकटा भाऊ म्हणतो, शिसूवरूनच येते, झाडे काढून टाकू. वडील काही बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी त्या झाडांखाली जाऊन बसतात. झाडे ठेवायची तर त्यांच्यावर ब्लोअरने औषध मारावे का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : वडिलांना हे आजच वाचून दाखवा. भुरी म्हणजे पानावर पिठासारखी पसरणारी बुरशी. शिसूवरची भुरी द्राक्षावर जात नाही आणि द्राक्षावरची शिसूवर जात नाही.

तुमच्या पाकिटात शिसूची सात पाने होती आणि वर्तमानपत्रात वेगळी गुंडाळलेली द्राक्षाची तीन. वेगळी गुंडाळलीत हे फार बरे केलेत, नाहीतर एकाची पूड दुसऱ्याला लागून माझीच फसगत झाली असती. शिसूचे पान उलटे करून भिंगाखाली धरले. वरची बाजू बरीचशी हिरवी, मधूनमधून पिवळट. पाठीवर मात्र पिठूळ पांढरा थर, आणि त्या थरात मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक ठिपके : काही पिवळे, काही तपकिरी, बरेचसे काळे. हे ठिपके म्हणजे बुरशीची फळे. पिकतात तसे ते पिवळ्याचे काळे होतात. त्यातले एक सुईच्या टोकाने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. गोल काळे फळ, त्याच्या कमरेभोवती काचेसारख्या पारदर्शक सरळ सुया, आणि प्रत्येक सुईच्या बुडाशी एक फुगा. हवा कोरडी झाली की या सुया खाली वाकतात, पानावर टेकतात आणि त्यांच्या रेट्याने ते फळ उचलले जाऊन सुटते. शेकडो मुलांना हे दाखवले असेल, तरी दर हिवाळ्यात ते पाहताना माझा डोळा तिथून लवकर निघत नाही.

अशा सुया दिसल्या की ओळख पक्की. ही फायलॅक्टिनिया, आणि शिसूवर येते ती फायलॅक्टिनिया डालबर्जी. नावातच शिसू आहे, कारण शिसूचे शास्त्रीय नाव डालबर्जिया सिसू. तुतीच्या पानाखाली येणारी भुरी हिच्या जवळच्या नात्यातली. तुमच्या भागात कोणी रेशीम करत असेल तर त्यांना ती चांगली माहीत असेल. ही बुरशी पानाच्या रंध्रांतून थोडी आतही शिरते, म्हणून तिचा मुक्काम पाठीवर, रंध्रांच्या बाजूला.

तुमच्या द्राक्षाची भुरी निराळी. तिचे नाव एरिसायफी नेकेटर. ती पानाच्या वर, देठावर, घडावर, कुठेही पसरते आणि सगळी पृष्ठभागावरच वाढते. मूळची उत्तर अमेरिकेतली. १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेट गावी टकर नावाच्या माळ्याला ती काचघरातल्या वेलीवर दिसली, आणि थोड्याच वर्षांत तिने युरोपातल्या बागा गाठल्या. एवढे जग फिरली, पण राहिली द्राक्षाच्या कुळातच. तुमच्या बागेत तिचा साठा बागेतच असतो : काडीच्या डोळ्यांत, आणि उशिरा फुटलेल्या, काढायच्या राहून गेलेल्या बगलफुटींवर, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणाऱ्या फुटव्यांवर.

मग बांधाकडच्या दोन ओळींतच जास्त का? तुम्ही पाहिले ते खरे आहे. भावाने पाहिले तेही खरे आहे. चुकले ते फक्त कारण. झाडे पश्चिमेला आहेत, म्हणजे दुपार कलली की सावली थेट त्या ओळींवर. भुरी उघड्यावर वाढणारी असल्यामुळे थेट ऊन, त्यातही अतिनील किरण, तिला सोसत नाहीत. उन्हातल्या पानापेक्षा सावलीतल्या पानावर ती जोमाने वाढते. शिवाय झाडांमुळे तिथे वाराही कमी खेळतो. आणखी एक गोष्ट स्वतः तपासा. बांधाकडची शेवटची ओळ ट्रॅक्टरला एकाच बाजूने मिळते, कारण पलीकडे बांध. त्या ओळीतल्या बांधाकडच्या पानांना फवारा पुरता पोचतो का? फवारणीनंतर लगेच जाऊन त्या बाजूची दहा पाने उलटून पाहा. बऱ्याच बागांत तिथली पाने मला कोरडी सापडली आहेत.

आता काय करायचे. शिसू जानेवारीत पाने टाकते. नवी पालवी फुटण्याआधी, झाड मोकळे असताना, बागेच्या बाजूच्या खालच्या फांद्या दहा-बारा फुटांपर्यंत उचलून घ्या. एका वर्षात झाडाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त घेर काढू नका. कुऱ्हाड नको, करवत वापरा, आणि फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून कापा. ती कडच जखम भरून काढते. त्या दोन ओळींत बगलफुटी आणि घडांभोवतीची पाने इतर बागेपेक्षा आधी आणि जास्त विरळ करा. बांधाकडची बाजू पाठीवरच्या पंपाने वेगळी फवारा.

शिसूवर ब्लोअर अजिबात नको. चाळीस फुटांच्या झाडावर मारलेले औषध निम्मे हवेत जाते आणि वाऱ्याने तुमच्याच घडांवर उतरते. काढणी जवळ आलेली असताना औषधाचे नको ते अवशेष घडावर सापडले तर माल परत येतो आणि वर्षाची मेहनत वाया जाते, हे निफाडच्या माणसाला मी सांगायला नको. आणि ज्या पानांवर ही भुरी आहे ती महिन्याभरात गळणारच आहेत. पंचवीस वर्षांच्या झाडाला त्याने काही होत नाही. रोपवाटिकेतल्या हातभर रोपांवर ती आली तर गोष्ट वेगळी, तिथे पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची एक-दोन फवारणी करावी लागते.

शिसूची खरी काळजी करायची तर पानांची करू नका, पाण्याची करा. हे झाड मूळचे हिमालयाच्या पायथ्याशी, नद्यांच्या काठच्या रेताड जमिनीतले. चिकट जमिनीत पाणी साचून राहिले की फ्युझेरियम नावाची बुरशी मुळांतून शिरते आणि झाड शेंड्याकडून पिवळे पडून काही महिन्यांत उभ्याउभी वाळते. १९९०च्या दशकात उत्तर भारत, नेपाळ आणि बांगलादेशात शिसूची झाडे फार मोठ्या प्रमाणावर अशी वाळली. तुमची जमीन काळी. ठिबकच्या नळ्या धुतल्याचे पाणी त्या बांधावर सोडत असाल तर ते आजच दुसरीकडे वळवा.

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात सहा करंज आहेत. मुले त्यांच्या सावलीत जेवतात. सगळ्या पानांवर पुटकुळ्या उठल्या आहेत. ग्रामपंचायत बुरशीनाशक फवारून देते म्हणते. मुलांना काही होईल का?
– एक शिक्षिका, कराड तालुका

उत्तर : बाई, फवारणी थांबवा, आणि मुलांना निवांत सावलीत जेवू द्या. त्या पुटकुळ्या बुरशीच्या नाहीत.

एक पान घ्या. वर उभा राहिलेला फोड पाहा आणि मग पान उलटून त्या फोडाच्या बरोबर खाली पाहा. टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसेल. ते दार आहे. आत एरिओफिड कोळी राहतात, एक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. बाकीच्या कोळ्यांना आठ पाय असतात, यांना चारच. ते पानाचा रस शोषतात तेव्हा पानच त्यांच्याभोवती फोड उभा करते. बुरशीनाशक असो की कीटकनाशक, त्या बंद खोलीत ते पोचत नाही. करंज हे सारे सोसून दरवर्षी तितकाच दाट होतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन पानांवर काळे, चकचकीत, डांबर सांडल्यासारखे ठिपके आहेत. ते मात्र बुरशीचे. बोटाने चाचपले तर फोड पोकळ लागतो आणि ठिपका पानातच बसलेला, जरा खरबरीत. दोन्हींची पाने मुलांना वेगवेगळी गोळा करायला लावा. सातवीच्या मुलांना ब्लेडऐवजी नखाने फोड उघडायला सांगा आणि शाळेत भिंग असेल तर ते हातात द्या. ठिपक्यांवरही औषध नको. गळलेली पाने खड्ड्यात टाकून वर माती पसरली की पुरे. सातवीणीच्या पानांवर याहून मोठे, वाटाण्यासारखे फोड येतात. ते सायला नावाच्या बारीक किड्याचे. त्याचीही पत्रे चार आली आहेत, त्यांना हेच उत्तर लागू समजावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीतला पर्जन्यवृक्ष काळा पडला आहे. पानांवर काजळी, खाली लावलेल्या गाड्या चिकट. गेल्या मार्चमध्ये एका ठेकेदाराने ‘काळी बुरशी’ म्हणून तांब्याचे औषध दोनदा फवारले. पैसे गेले, काजळी आहे तशीच.
– सोसायटीच्या खजिनदार, ठाणे

उत्तर : तुमचे पैसे गेले याचे मला वाईट वाटते. काजळी ही बुरशी आहेच, पण ती झाडाला खात नाही. सांडलेल्या साखरेवर वाढते. ओल्या फडक्याने पान पुसून पाहा, काळा पापुद्रा सालीसारखा निघून येईल आणि खाली पान हिरवे असेल. ही साखर सांडतो पिठ्या ढेकूण. तुमच्या तिसऱ्या फोटोत फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके आहेत, तेच ते. रस पितात आणि उरलेला गोड चिकटा मागून सोडतात. तोच गाडीवर पडतो. मुंबई-ठाण्यात या किडीने गेल्या काही वर्षांत अनेक जुने पर्जन्यवृक्ष खंगवले आहेत, म्हणून पानांवरच्या काजळीची नको तेवढी काळजी केलीत आणि किडीकडे दुर्लक्ष झाले, तसे पुढे होऊ देऊ नका.

आधी खोडावर मुंग्यांची रांग आहे का पाहा. चिकट्यासाठी मुंग्या पिठ्या ढेकणांना राखतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. खोडाला चार बोटे रुंद प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. सालीला ग्रीस लागता कामा नये. ज्या फांद्यांचे शेंडे पुंजक्यांनी भरले आहेत तेवढे परवानगी घेऊन उतरवा, गोणीत बांधून खाली आणा आणि ओढत नेऊ नका. हाताच्या टप्प्यातल्या फांद्या पाण्याच्या जोरदार धारेने धुवा.

आणि एक कळकळीची विनंती. पुंजक्यांमध्ये पांढरे झुपके असलेला, पण पिठ्या ढेकणापेक्षा मोठा आणि चटचट चालणारा किडा दिसला तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी. शत्रूसारखेच रूप घेऊन ती त्यालाच खाते. हा किडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. द्राक्ष बागायतदार तो आजही विकत घेऊन बागेत सोडतात. तुमच्या झाडावर तो फुकट आला असेल, तर त्याच्या अंगावर कीटकनाशक मारण्यासारखे नुकसान नाही.

प्रश्न : मिसिसागाला आमच्या घरासमोर नॉर्वे मेपल आहे. ऑगस्टपासून पानांवर रुपयाएवढे काळे डाग पडले. शेजारी म्हणतात झाड जाणार. आईने तुमचे सदर दाखवले, म्हणून लिहितो. पान पोस्टाने पाठवू का?
– एक वाचक, कॅनडा

उत्तर : पान पाठवू नका. रोगट पाने एका देशातून दुसऱ्या देशात पाकिटातून गेली की रोगही जातात, म्हणून त्यावर निर्बंध आहेत. फोटो पुरेसा स्पष्ट आहे. वर करंजावरच्या डांबरी ठिपक्यांबद्दल लिहिले, त्याच प्रकारचे, पण वेगळ्या बुरशीचे हे दुखणे. हिचे नाव रायटिस्मा एसेरिनम.

तिचे वर्ष असे चालते. गळलेल्या पानांत ती बर्फाखाली थंडी काढते. वसंतात मेपलची नवी पाने उघडतात, त्याच सुमारास खाली पडलेल्या जुन्या पानांवरचे काळे डाग ओलाव्याने चिरतात आणि त्यांतून बीजाणू वर उडतात. नव्या पानावर आधी फिकट पिवळा डाग दिसतो. उन्हाळा सरता सरता त्याचे डांबर होते. तुम्हाला तो ऑगस्टमध्ये दिसला, पण लागण वसंतातच झाली होती. म्हणून आता औषध मारून उपयोग नाही, आणि एवढ्या मोठ्या झाडावर पुढच्या वर्षीही मारू नये. झाड यामुळे मरत नाही. पाने थोडी आधी गळतील, इतकेच.

बर्फ पडण्याआधी पाने गोळा करा आणि नगरपालिकेच्या पाने नेणाऱ्या गाडीला द्या. घरच्या छोट्या ढिगात ती नीट तापत नाहीत, आणि डाग जिवंत राहतात. एकट्या तुमच्या अंगणाने फार फरक पडणार नाही, कारण बीजाणू शेजारच्या पानांवरूनही येतात. ज्या शेजाऱ्यांनी झाड जाणार म्हणून सांगितले, त्यांच्याबरोबर एखाद्या रविवारी दोन्ही अंगणे झाडून काढा.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. या बुरशीला हवेतला गंधकाचा धूर सहन होत नाही. कोळशाच्या धुराने भरलेल्या इंग्लंडमधल्या शहरांत ती दिसेनाशी झाली होती, आणि १९७०च्या दशकात तिथल्या अभ्यासकांनी पानांवरचे हे डाग मोजून हवेचा अंदाज घेतला. तुमच्या मेपलवर डाग आहेत, म्हणजे निदान त्या धुराची काळजी करायला नको.

प्रश्न : चाफ्याच्या पानांखाली केशरी पूड. बोटाला लागते.
– रत्नागिरीहून एक आजी

उत्तर : आजी, हा चाफ्याचा तांबेरा. बोटाला हळद लागल्यासारखे होते तेच त्याचे बीजाणू. तो फक्त चाफ्याचा. गव्हावरच्या तांबेऱ्याशी त्याचा संबंध नाही, आणि तुमच्या जास्वंदीला किंवा आंब्याला तो लागणार नाही. आता डिसेंबरात चाफा पाने टाकतोच आहे, म्हणून औषध नको. पडलेले प्रत्येक पान रोजच्या रोज उचला, पुरा किंवा कचऱ्याच्या गाडीत द्या, पण झाडाखाली राहू देऊ नका. जुलैत नव्या पानांवर पिवळे ठिपके दिसले की तेवढी पाने लगेच खुडा, आणि पाणी संध्याकाळी पानांवर न शिंपडता सकाळी बुंध्याशी घाला. डहाळी मोडली तर निघणारा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या फाटकाशी जुना गुलमोहर आहे. यंदा पाने बारीक आली आणि पिवळी पडून गळताहेत. पानांवरच्या बुरशीसाठी कोणते औषध द्यावे? फोटो जोडला आहे.
– चेअरमन, कोल्हापूर

उत्तर : या पत्राचे उत्तर अंक निघायची वाट न पाहता मी त्याच संध्याकाळी फोनवर दिले. इथे छापते आहे, कारण असा गुलमोहर आणखी कुणाच्या दारात असू शकतो.

फोटो पानांचा होता. पानांवर मला बुरशी दिसली नाही. एक ठिपका नाही, पूड नाही. सगळीच पाने सारखी पिवळी आणि लहान, जणू झाडाला खालून काही मिळत नाही. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात बुंध्याचा वीतभर भाग आला होता. तो मोठा केला. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडलेले, आणि खोड व ब्लॉक यांच्या फटीतून बाहेर आलेले लालसर तपकिरी, व्हार्निश लावल्यासारखे चकाकणारे, पंख्याच्या आकाराचे भूछत्र. कडेला पांढरी किनार. बाजूला अजून एक, लहान.

हे गॅनोडर्मा. भूछत्र बाहेर दिसते तेव्हा आत मुळांचे आणि बुंध्याचे लाकूड बरेच कुजलेले असते. चेअरमनसाहेबांना मी विचारले, खाली काय आहे? ते म्हणाले, दुचाकींचे पार्किंग आणि बाजूला वॉचमनची खोली. मी सांगितले की आधी दुचाकी हलवा आणि वॉचमनच्या कुटुंबाला रात्री दुसरीकडे झोपवा, मग बाकीचे बोलू. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाकडी हातोडीने बुंध्याभोवती हळूहळू ठोकून पाहिले. रस्त्याच्या बाजूला भरीव आवाज, फाटकाच्या बाजूला ढोलासारखा पोकळ.

यावर औषध नाही. कोणी खोडात इंजेक्शन किंवा आळ्यात पावडर देऊन बरे करतो म्हणाले तर पैसे देऊ नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे शहरातले झाड स्वतःहून तोडता येत नाही. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. अर्जाला भूछत्राचा जवळून काढलेला फोटो, संपूर्ण झाडाचा फोटो आणि खाली माणसे राहतात हे स्पष्ट लिहून जोडा. त्यामुळे पाहणीला येणाऱ्याला निकड कळते. गुलमोहराची मुळे उथळ. वळवाच्या वाऱ्यात असे झाड मुळासकट आडवे होते, म्हणून एप्रिलच्या आत निर्णय व्हायला हवा.

झाड काढल्यावर बुंधा आणि हाती लागतील तितकी मुळे खणून काढा. त्याच खड्ड्यात पुन्हा गुलमोहर नको. आवारात आणखी दोन गुलमोहर आहेत असे ते म्हणाले. मुळे मुळांना भिडली की ही बुरशी त्यांतून पुढे सरकते, म्हणून मधे तीन फूट खोल चर खणून मुळे तोडून घ्यायला सांगितले आहे. आणि त्या दोन झाडांभोवतीचे ब्लॉक चारही बाजूंनी निदान तीन फूट मागे घ्यायला सांगितले आहे. ब्लॉक बसवताना मुळांना लागलेल्या जखमांतूनच ही बुरशी आत शिरायला वाट मिळते.

काल त्यांचा निरोप आला. अर्ज दिला आहे, पाहणी पुढच्या आठवड्यात. वॉचमन सहकुटुंब पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आहेत. दोन्ही गुलमोहरांचे ब्लॉक काढून झाले. त्यातल्या एकाच्या मुळाशी खणताना पांढरा, वाटणासारखा थर दिसला म्हणून त्यांनी फोटो पाठवला होता. मी तो तीनदा पाहिला. ती वाळवीने आणलेली माती आहे, बुरशी नाही. ते झाड चांगले आहे.